बूट चावला, बिकिला धावला

ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावून कोणी जिंकली हा प्रश्न क्विझमध्ये हमखास येतो, आणि अगदी मागच्या बाकावरूनही उत्तर येतं, अबेबे बिकिला. तो अनवाणी का धावला असं पुढे कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. गरीब होता बिचारा, बूट कुठून आणणार. झालं, मार्क मिळाले, पुढचा प्रश्न.

मला हे उत्तर अजिबात पटत नाही. बिकिला इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षक दलातला शिपाई होता. त्याच्या सोबत युरोपियन कोच होता. आणि बूटही होते. बूट होते, पण चावत होते. नसणं आणि चावणं यात फरक आहे की नाही? मला तर वाटतं सगळी गोष्टच त्या फरकात आहे, म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे भाषा थोडी इकडची थोडी तिकडची होईल, चालवून घ्या. आणि इतक्या मोठ्या माणसाला मी 'तो' म्हणणार आहे, जसं आपण सचिनला म्हणतो.

अबेबे बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, इथिओपियातल्या जातो नावाच्या खेड्यातला. गंमत म्हणजे त्याच दिवशी लॉस एंजलिसला ऑलिंपिकची मॅरेथॉन चालू होती. घर मेंढपाळाचं. त्याच्या लहानपणीच, १९३५ साली, मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि पुढची काही वर्षं देश इटलीच्या ताब्यात गेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोठा झाल्यावर तो राजधानीत, आदिस अबाबाला आला आणि सम्राट हाइले सेलासी यांच्या रक्षक दलात भरती झाला. आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखरावर पोचून आपण फोटो काढत धापा टाकत असतो, त्याच्याही कितीतरी वर हा माणूस रोज पळत होता.

तिथे त्याला ओन्नी निस्कानेन भेटले. हे स्वीडनचे, इथिओपियात नोकरीला आलेले. त्यांनी रक्षक दलातल्या शिपायांतून धावपटू निवडायला सुरुवात केली आणि त्यांना शिस्तीत शिकवलं. लांब पल्ला, डोंगर, ट्रॅक, सगळं आलटून पालटून. यातली माझ्या लेखासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिकिला सराव बूट घालूनही करायचा आणि अनवाणीही करायचा. दोन्हींची त्याला सवय होती. म्हणजे रोमला जे झालं ते ऐनवेळी सुचलेलं धाडस नव्हतं, त्याची टेस्टिंग आधीच झालेली होती. १९६० च्या उन्हाळ्यात आदिसमध्ये तो २ तास २१ मिनिटांत मॅरेथॉन धावला. एमिल झाटोपेकचा तेव्हाचा ऑलिंपिक विक्रम २ तास २३ मिनिटांचा होता. इतक्या उंचीवरची वेळ त्यापेक्षा कमी! पण युरोपात कुणी ती आकडेवारी मनावर घेतली नाही. आफ्रिकेतलं घड्याळ चुकलं असेल असंच बहुतेकांना वाटलं असावं.

आता बुटांकडे येऊ. रोमला पोचेपर्यंत त्याचे जुने, पायाला बसलेले बूट झिजून गेले होते. नवीन जोड घेतला तर तो बसेना, आणि पायाला फोड आले. शर्यत तोंडावर. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या माणसाचा पंजा पुढे पसरट असतो, बोटं सुटी सुटी असतात. कारखान्यातले बूट एका ठरावीक साच्यावर बेतलेले असतात, आणि तो साचा ज्यांची बोटं पिढ्यान्‌पिढ्या बुटात दाबली गेली आहेत त्यांच्या पायावरून केलेला असतो. लांबी जुळली तरी रुंदी जुळत नाही. नंबर बरोबर आणि बूट चूक! आपल्याकडे दुकानदार लगेच म्हणतो, चामडं आहे, दोन दिवसांत सैल होईल. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. ती काही दोन दिवस थांबत नाही. निस्कानेन आणि बिकिला यांनी ठरवलं, बूट नकोत. तळव्याला घट्टे पडलेले होते, ते कुठल्याही नव्या सोलपेक्षा भरवशाचे.

१० सप्टेंबर १९६०. रोमचा उन्हाळा टाळायला शर्यत संध्याकाळी ठेवली होती. सुरुवात कॅपिटोलिन टेकडीपाशी आणि शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी. मॅरेथॉन स्टेडियममध्ये सुरूही होत नाही आणि संपतही नाही असं ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच घडत होतं. वाटेत जुना आप्पियन मार्ग, रोमन काळातल्या दगडी फरशांचा. अंधार पडला तेव्हा तिथे सैनिक मशाली घेऊन उभे होते. ११ नंबरचा एक सडपातळ माणूस अनवाणी पळतोय हे पाहून लोक हसले असतील, हळहळले असतील. त्याला कुणी ओळखतच नव्हतं.

त्याला आधी सांगून ठेवलं होतं की मोरोक्कोच्या राधी बेन अब्देस्सलामवर लक्ष ठेव, त्याचा नंबर २६. प्रत्यक्षात राधी १८५ नंबर लावून धावत होता! बिकिला अर्धी शर्यत २६ नंबर शोधत राहिला आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो त्याच्या बाजूलाच पळत होता. आपल्याकडे प्रॅक्टिकलला सर्किट डायग्राम एक आणि टेबलावरचं किट दुसरंच निघतं ना, तसं. पण दोघेही बाकीच्यांना मागे टाकून बरोबरच राहिले, त्यामुळे बिघडलं काहीच नाही.

शेवटच्या टप्प्यात वाटेवर अक्सुमचा शिळास्तंभ होता. सुमारे २४ मीटर उंच, इथिओपियातल्या अक्सुम शहरातला. मुसोलिनीच्या राजवटीत इटलीने तो १९३७ साली तुकडे करून उचलून आणला होता आणि रोममध्ये उभा केला होता. बिकिला आणि निस्कानेन यांनी मार्ग आधी पाहून ठेवला होता आणि ठरवलं होतं, जोर इथून लावायचा. त्याप्रमाणे त्या स्तंभाजवळ त्याने वेग वाढवला आणि राधी मागे पडला. २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद. राधीपेक्षा सुमारे २५ सेकंद आधी. १९५८ साली सोव्हिएत धावपटू सर्गेई पोपोवने केलेली २:१५:१७ ही जगातली सर्वोत्तम वेळही मोडली. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक. ज्या देशाने आपला देश घेतला त्याच्या राजधानीत, चोरून आणलेल्या आपल्याच दगडाशेजारी. (हा स्तंभ इटलीने २००५ साली तीन तुकड्यांत विमानाने परत पाठवला आणि २००८ मध्ये तो अक्सुमला पुन्हा उभा राहिला. सिव्हिलवाल्यांनी याची माहिती जरूर काढावी.)

आपल्या मिल्खासिंगची ४०० मीटरची ती चौथ्या क्रमांकाची शर्यत याच रोममध्ये, याच्या चार दिवस आधी झाली होती. आपण ती हळहळ अजून सांगतो. त्याच आठवड्यात तिथे हेही घडत होतं हे मात्र मला लेख लिहायला घेईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

अनवाणी पायांभोवती दंतकथा पटकन तयार होते. १९५० चा फुटबॉल विश्वचषक आपण हुकवला तो खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून, असं आपल्याकडे अजून सांगतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले हे खरं आहे. पण १९५० ला न जाण्यामागे प्रवासाचा आणि तयारीचा प्रश्न होता, आणि आपल्या फुटबॉल संघटनेला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक महत्त्वाचं वाटत होतं. बुटांची गोष्ट सांगायला सोपी म्हणून ती टिकली. बिकिलाचंही तसंच झालं. एक बाजू म्हणते गरिबी, दुसरी म्हणते अनवाणी पायात जादू असते. दोन्ही बाजूंना त्याचा १९६१ सालचा हिशोब माहीत नसतो.

त्या वर्षी तो अथेन्सला अनवाणी धावला आणि जिंकला. मग जपानला गेला. तिथे किहाचिरो ओनित्सुका नावाचे बूट बनवणारे गृहस्थ होते. यांची कंपनी पुढे १९७७ मध्ये आसिक्स झाली. धावपटूंच्या पायाला फोड का येतात या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. घर्षणाने बुटात उष्णता साठते आणि त्यातून फोड येतात हे कळल्यावर त्यांनी हवेने थंड होणारं मोटरसायकलचं इंजिन डोळ्यांपुढे ठेवून बुटाला हवा आत-बाहेर खेळवणारी भोकं ठेवली. मेकॅनिकलच्या मंडळींनो, हीट ट्रान्सफरचा पेपर नुसता पास होण्यासाठी नसतो! ओनित्सुका बिकिलाला भेटले, त्याला बूट घालायला राजी केलं, आणि ओसाकाची मॅरेथॉन तो त्यांचे बूट घालून धावला. जिंकला. म्हणजे एकाच वर्षात अनवाणी एक आणि बुटात एक. बूट बसला तर बूट, नाही बसला तर पाय. त्याने अनवाणी धावण्याचं व्रत वगैरे काही घेतलं नव्हतं.

इथे थोडा आपल्या हॉस्टेलवरचा विषय घेते, कारण ट्रेकचा सीझन येतोय आणि कॉट्सखालचे बूट बघून मला काळजी वाटते. शाळेत आम्ही बारा वर्षं काळे बूट घातले, पी.टी.च्या दिवशी पांढरे कॅनव्हास. पाय वाढतो म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा, हा घरोघरचा नियम. पुढे कॉलेजला आल्यावर आपण उलटं करतो. दिसायला भारी म्हणून घट्ट घेतो, किंवा रूममेटचा उसना घालून राजगडावर जातो. बूट म्हणजे स्टॅपलर नव्हे की कुणाचाही चालेल. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि चालताना तो आणखी सुजतो. ज्या मोज्यात चालणार तेच मोजे घालून जावं. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बसेल तो घ्यावा, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी. ती जागा उतरताना कळते. चढताना कुठलाही बूट चालतो, पण रायगडाच्या पायऱ्या उतरताना बोटं पुढे आपटायला लागली की नखं काळी पडतात. टाच मात्र आत सरकता कामा नये, नाहीतर तिथे फोड ठरलेला. आणि नवा बूट आधी कॅम्पसमध्ये आठ-दहा दिवस वापरून मगच डोंगरावर न्यावा.

कामाप्रमाणेही फरक आहे. मेसपर्यंत आणि लायब्ररीपर्यंत चालायला टाचेला थोडा मऊपणा आणि पुढे वाकणारा तळ पुरतो. ग्राउंडवर जॉगिंग करणाऱ्याला हलका बूट हवा, कारण प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वजन वाढलं की धावण्याचा ऊर्जाखर्च साधारण १ टक्क्याने वाढतो. उन्हाळी ट्रेकला एप्रिल-मेमध्ये कातळ तापलेला असतो आणि घसाऱ्यावर पाय सटकतो. तिथे जाड, खाचा असलेला तळ आणि वरून जाळीचं, हवा लागणारं कापड. पाणी आत न येऊ देणारा महागडा बूट उन्हाळ्यात घाम बाहेरही जाऊ देत नाही, पाय आत उकडतो. महाग म्हणजे चांगला असं काही नसतं. सह्याद्रीतले जुने ट्रेकर साध्या ॲक्शनच्या बुटांवर अर्धा महाराष्ट्र फिरलेत.

वजनाचा मुद्दा निघाला म्हणून सांगते. मग अनवाणीच सर्वांत चांगलं नाही का, शून्य ग्रॅम? कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २०१२ साली छापलं. अनवाणी धावायची सवय असलेले धावपटू घेतले. अनवाणी पायांना बुटाएवढंच वजन शिशाच्या पट्ट्यांनी बांधलं, म्हणजे वजनाचा फरक संपला. तर हलका बूट घातल्यावर ऊर्जा ३ ते ४ टक्के कमी लागली. कारण तळाचा मऊपणा जो धक्का घेतो तो नाहीतर पायाच्या स्नायूंना घ्यावा लागतो. म्हणजे वजन वाचतं आणि उशी जाते, हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. रोमला अनवाणी पायांनी त्याला पदक मिळवून दिलं नाही. चावणारे बूट काढल्यामुळे एवढंच झालं की पाय आड आले नाहीत. बाकी सगळं त्याच्या छातीतलं आणि निस्कानेन यांच्या वहीतलं.

टोकियो १९६४ हा त्याचा पुरावा. शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या आवारातच त्याने पुन्हा धावायला सुरुवात केली असं सांगतात. २१ ऑक्टोबरला तो उतरला तो पांढरे मोजे आणि पुमाचे बूट घालून. वेळ २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंद, पुन्हा जगातली सर्वोत्तम. रोमपेक्षा तीन मिनिटांहून जास्त वेगवान, आणि दुसरा आलेला ब्रिटनचा बेसिल हीटली त्याच्या चार मिनिटं मागे. ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. रेषा ओलांडल्यावर तो पडला नाही, बसलाही नाही. मैदानाच्या मधल्या हिरवळीवर जाऊन व्यायाम करायला लागला! लोकांनी भरलेलं स्टेडियम आणि हा आपला पाय ताणतोय.

मेक्सिकोला १९६८ मध्ये तो तिसऱ्यांदा उतरला, पण दुखऱ्या पायाने. सुमारे १७ किलोमीटरनंतर त्याला थांबावं लागलं. शर्यत त्याच्याच देशाच्या मामो वोल्देने जिंकली.

यापुढचं लिहायला जड जातं. मार्च १९६९ मध्ये आदिस अबाबाजवळ त्याची फोक्सवॅगन बीटल गाडी उलटली. ती सम्राटाने भेट दिलेली होती. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. ज्या पायांना कुठला बूट बसतो हे साऱ्या जगाने पाहिलं त्या पायांना आता बुटाची गरजच उरली नाही. त्याला उपचारासाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलला नेलं. पॅरालिंपिकची सुरुवात ज्या खेळांतून झाली ते याच ठिकाणचे. तिथे त्याने धनुष्यबाण हातात घेतला आणि १९७० साली स्टोक मँडव्हिलच्या स्पर्धेत तिरंदाजीत उतरला. १९७१ मध्ये नॉर्वेला जाऊन बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत भाग घेतला, आणि २५ किलोमीटरची शर्यत जिंकला. इथिओपियाचा माणूस, बर्फावर! १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला तो व्हीलचेअरवरून पाहुणा म्हणून आला. दया दाखवायला आलेल्यांची बहुतेक निराशाच झाली असावी.

२५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय ४१. आदिस अबाबात त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले, स्वतः सम्राटही. तिथल्या एका स्टेडियमला आज त्याचं नाव आहे.

नाव एका बुटालाही होतं. २०१० च्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट आली. पायमोज्यासारखा पातळ, पाच बोटांना पाच कप्पे असलेला बूट निघाला, आणि व्हिब्रम कंपनीने त्याच्या एका मॉडेलला बिकिला असं नाव दिलं. ज्याने बूट काढले त्याच्या नावाने बूट. २०१५ साली त्याच्या कुटुंबाने अमेरिकेत दावा लावला, की आमच्या वडिलांचं नाव न विचारता वापरलं. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. नाव वापरणं योग्य की अयोग्य यावर गाडी गेलीच नाही. कुटुंबाला त्या बुटाबद्दल आधीपासून माहीत होतं आणि दावा लावायला त्यांनी फार उशीर केला, एवढ्यावरच निकाल लागला.